अमानत आणि मशवरा

गवंड्याने बांधलेली भिंत वाकडी असेल तर रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसते. शिंप्याने सदरा आखूड शिवला तर तो अंगात घालताच कळते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या आजूबाजूला भूल देणारा असतो, परिचारिका असते, मदतनीस असतो. हात चुकला तर निदान दोन-चार डोळे साक्षीला असतात. मानसोपचार करणाऱ्याचे तसे नाही. त्याचे काम बंद दाराआड चालते. एक बोलतो, दुसरा ऐकतो. तिसरा तिथे नसतो, आणि नसावाच. म्हणजे त्या कामाला साक्षीदार एकच, तो म्हणजे रुग्ण. आणि हा साक्षीदार इतका गांजलेला असतो की कुणीतरी अर्धा तास आपले ऐकून घेतले, एवढ्यानेच त्याचे डोळे भरून येतात. उपचार नीट झाला की चुकला, हे सांगण्याच्या अवस्थेत तो नसतो. बरे वाटले नाही तर 'आपलेच नशीब' म्हणून तो पुन्हा येत नाही. आणि न आलेला रुग्ण बरा झाला असेल, असे समजून उपचार करणारा निर्धास्त राहतो.

मग हा उपचार करणारा सुधारतो कसा? पुस्तके वाचून काही प्रमाणात सुधारेल. पण 'रुग्णाचे शांतपणे ऐकावे' हे वाक्य पाठ असलेला माणूसही रुग्णाला दुसऱ्याच मिनिटाला तोडतो, आणि आपण तोडले हे त्याला कळतही नाही. अनुभवाने सुधारेल म्हणावे, तर अनुभवाने हात बसतो हे खरे. परंतु चुकीच्या रीतीवरही हात बसतोच. राहिला एकच मार्ग. आपल्यासारखेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसापुढे आपले काम मांडायचे, त्याचे ऐकायचे, त्याचे काम पाहायचे आणि पुन्हा रुग्णासमोर जाऊन बसायचे. आपण याला मशवरा म्हणतो.

परंतु नैतिक पेच इथेच सुरू होतो. मशवरा करायचा तर बोलावे लागते, आणि जे बोलायचे ते तर रुग्णाने विश्वासाने आपल्या हाती सोपवलेले असते. ती अमानत आहे. अमानत न मोडता मशवरा कसा करायचा? आणि मशवरा टाळून तोंड मिटून बसलो, तर अमानत खरोखर सांभाळली असे म्हणता येईल काय? मोठ्या शहरात हा पेच झाकून जातो, कारण तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात तो झाकता येत नाही. म्हणून तिथूनच त्याच्याकडे पाहू.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि जव्हार, मोखाडा हे दोन्ही तालुके त्यात गेले. २०११च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास. दहांतले नऊ जण आदिवासी: वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी. जव्हार हे मुकणे घराण्याच्या जुन्या संस्थानाचे गाव. तिथे राजवाडा आहे, मुसलमानांची वस्ती आहे, चिश्ती परंपरेतल्या पीराचा दर्गा आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग देशभर माहीत झाला आणि तेव्हापासून कुपोषणाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. मुलांची वजने झाली, दंडांचे घेर मोजले गेले, अहवाल निघाले. ते आवश्यकच होते. पण पोटचे मूल गेलेल्या आईच्या मनाचे पुढे काय झाले, याला कुठल्या नोंदवहीत रकाना आहे?

या भागात मनाच्या दुखण्याला अनेक अडचणी आडव्या येतात. मोखाड्याहून ठाणे शंभर किलोमीटरहून लांब, आणि ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे जुने असले तरी त्याचे नाव काढले की माणूस बिचकतो. भाताची कामे उरकून दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उपचाराचा कागद इथे आणि माणूस भट्टीवर, अशी गत होते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा आहे. पण त्यासाठी हाती फोन हवा, त्याला रेंज हवी आणि आपले दुखणे परक्या माणसाला प्रमाण भाषेत सांगण्याचे धैर्य हवे. पाड्यावरची बाई 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. ती म्हणते, डोके जड आहे, अंग ठणकते, भूक मेली, रात्रभर डोळा लागत नाही. कुणी म्हणते, करणी केली आहे.

मग तिचे ऐकतो कोण? आशा कार्यकर्ती ऐकते, उपकेंद्राची परिचारिका ऐकते. आश्रमशाळेतल्या मुलाचे एखादा शिक्षक ऐकतो. भगत ऐकतो. मुसलमान मोहल्ल्यात मौलाना ऐकतात, किंवा चार घरांचा विश्वास असलेली एखादी वयस्कर खालाजान ऐकते. यांतल्या कुणाच्याही दारावर 'मानसोपचार' अशी पाटी नाही. पण काम तेच आहे: दुसऱ्याच्या मनातले ओझे थोडा वेळ आपल्यासमोर उतरवून घेणे.

या लोकांना बाजूला सारून 'तज्ज्ञ येईल तेव्हा उपचार होतील' असे म्हणणे सोपे आहे. पण २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत, असे दिसून आले. ही दरी केवळ पदवीधर तज्ज्ञांनी भरायची म्हटले तर पिढ्या जातील. ऐकण्याचे काम सामान्य माणसांनाच करावे लागणार. तेव्हा या माणसांनी हे काम शिकावे कसे, आणि शिकलेले तपासावे कसे, हा खरा प्रश्न आहे.

याचे एक चांगले उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात मिळाले. तिथल्या 'संगत' या संस्थेने (स्थापना १९९६) प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकींचा एक समुपदेशन-कार्यक्रम तयार केला. समुपदेशक मानसोपचाराचे पदवीधर नव्हते. समाजातूनच निवडून त्यांना प्रशिक्षण दिलेले होते. या कार्यक्रमाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे पाचशे रुग्णांपैकी ज्यांना समुपदेशन मिळाले, त्यांच्यातले ६४ टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना केवळ आरोग्य केंद्रातले, थोडे सुधारलेले नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

हे आकडे महत्त्वाचे आहेतच, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यामागची रीत अधिक महत्त्वाची आहे. समुपदेशक आपल्या बैठकींचे ध्वनिमुद्रण करीत. मग सगळे एकत्र बसून एकाची बैठक ऐकत आणि ठरावीक तक्त्यावर गुण देत. रुग्णाला बोलू दिले का? त्याची अडचण नीट समजून घेतली का? पुढच्या बैठकीपर्यंत काय करायचे, ते दोघांनी मिळून ठरवले का? सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत. हळूहळू ही जबाबदारी समुपदेशकांच्याच गटाकडे आली. बरोबरीच्या माणसांनी एकमेकांचे काम तपासले तर ते तपासणे विश्वासार्ह असते का, याचाही तिथे वेगळा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धत चालू शकते असे त्यातून दिसले. बंद दाराआडच्या कामाला असा साक्षीदार मिळाला, आणि तो वरून आलेला निरीक्षक नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याचीही फीत ऐकली जाणार होती.

दुसरे उदाहरण मोखाड्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा प्रकल्प राबवला. गावातल्याच, लोकांचा विश्वास असलेल्या माणसांना ऐकण्याचे, अडचणीची उकल करायला मदत करण्याचे आणि गरज पडल्यास रुग्णालयात पाठवण्याचे शिक्षण दिले. त्यांच्या जोडीला 'मित्र' होते. कोण गप्प गप्प झाला आहे, कोणाचे कामात मन नाही, हे त्यांनी हेरायचे. पुढे २०१७ पासून हाच प्रकल्प गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेला. इथे उपचार करणारा आणि रुग्ण एकाच विहिरीचे पाणी पितात. हे या पद्धतीचे बळ आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे धोकाही.

एकमेकांकडून शिकण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. नवव्या-दहाव्या शतकात रै आणि बगदादच्या रुग्णालयांचे प्रमुख असलेले तबीब अबू बक्र अर-राझी कसे शिकवीत, याचे वर्णन इब्न अन-नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये आले आहे. राझींभोवती त्यांचे शागीर्द बसत, त्यांच्याभोवती शागीर्दांचे शागीर्द, आणि त्यांच्याही बाहेर आणखी एक कडे. रुग्ण आला की तो आधी सर्वांत बाहेरच्या कड्याला आपले दुखणे सांगे. त्यांना उमगले नाही तर आतल्यांकडे जाई. कुणालाच उमगले नाही तर शेवटी राझी बोलत. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सर्वांत जाणता माणूस सर्वांत शेवटी बोलत होता. तो आधी बोलला असता तर बाकीच्यांना मान डोलावण्याखेरीज काही उरले नसते. याच राझींनी 'अत्-तिब्ब अर्-रूहानी' या ग्रंथात असेही सुचवले आहे की माणसाला स्वतःचे दोष दिसत नाहीत, म्हणून समजूतदार माणसाला आपले दोष आडपडदा न ठेवता सांगायला विनवावे, आणि त्याने सांगितले की रागावू नये. आरशाची उपमा आपल्याला हदीसमधूनही परिचित आहे. कुराणशरीफच्या एका सूराचे नावच 'शूरा' आहे. तेव्हा मशवऱ्याची महती आपल्याला कुणी नव्याने सांगावी असे नाही. अडचण आहे ती अमानतीची.

समजा, मोखाड्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रातली समुपदेशक महिन्याच्या बैठकीत म्हणाली: 'एक बाई आहे. नाव सांगत नाही. नवरा भट्टीवर असताना तिचे तिसरे मूल गेले. सासू तिलाच दोष देते. तिने एकदा विहिरीपर्यंत जाऊन परत फिरल्याचे मला सांगितले.' नाव घेतले नाही, गाव सांगितले नाही. पण त्या खोलीत बसलेल्या दोन आशांना ती कोण हे दुसऱ्याच वाक्याला कळलेले असते. एवढ्या लहान जगात नाव लपवणे म्हणजे तळहाताने सूर्य झाकणे. संध्याकाळी त्यांतली एखादी आशा त्या पाड्यावरून जाईल, त्या बाईकडे नेहमीपेक्षा दोन क्षण जास्त पाहील, आणि तेवढ्यावरून बाई ओळखेल की आपली गोष्ट बाहेर गेली. त्यानंतर ती पुन्हा कधी कुणापुढे तोंड उघडणार नाही. विहिरीकडे पुन्हा गेली तरी.

आपल्या मोहल्ल्यांतही हेच आहे. तलाकच्या उंबरठ्यावरची मुलगी, मूल होत नाही म्हणून टोमणे खाणारी सून, नशेत अडकलेला तरुण, कर्जापायी रात्र रात्र जागणारा दुकानदार, यांना मानसोपचाराची भीती वाटते ती औषधांमुळे तितकी नाही. 'जमातीत कळेल' याची भीती मोठी असते. गरीब माणसापाशी पैसा नसतो, जमीन नसते. इज्जत तेवढी असते. ती त्याने तुमच्या हाती ठेवली. तुमच्या शिक्षणासाठी तुम्ही ती खर्च करायची काय?

कायद्यानेही याचा विचार केला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. त्याला काही अपवाद आहेत. रुग्णावर उपचार करता यावेत म्हणून दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला माहिती देता येते; कुणाच्या जिवाला धोका असेल तर देता येते. पण बारकाईने पाहिले तर हे दार रुग्णाच्या उपचारासाठी उघडलेले आहे, उपचार करणाऱ्याच्या विद्येसाठी नव्हे. दोन्हींत फरक आहे, आणि तो नीयतीचा आहे.

या पेचाला साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर: बोलूच नये. रुग्णाचे गुपित आपल्यासोबत कबरीत जावे. हे ऐकायला उदात्त वाटते. पण याचा व्यवहारात अर्थ काय होतो? त्या समुपदेशकाने बाईला चुकीचा सल्ला दिला असेल, विहिरीची गोष्ट ऐकून घाबरून विषय बदलला असेल, 'सबर कर, सगळे ठीक होईल' म्हणून तिला वाटेला लावले असेल, तर ते कुणालाच कळणार नाही. तिलाही नाही. गुपित सुरक्षित राहिले, पण बाई राहिली नाही, असेही होऊ शकते. अमानत म्हणजे केवळ ऐकलेले शब्द नव्हेत. तिने आपले दुखणे सोपवले होते, ते बरे व्हावे म्हणून. शब्द जपून दुखण्याकडे दुर्लक्ष करणारा अमानतदार कसला? गप्प राहणाऱ्याने स्वतःला एकदा विचारावे की मी रुग्णाची इज्जत झाकतो आहे की माझे अपुरेपण.

दुसरे उत्तर: विद्येसाठी बोलायलाच हवे, त्यात काय मोठेसे, नाव तर घेत नाही. या उत्तराने माणसाचा किस्सा होतो. सभा-संमेलनांत असे किस्से आपण ऐकले आहेत. 'माझ्याकडे एक केस आली होती' म्हणून सुरुवात होते, श्रोते हळहळतात, कधी हसतातही, आणि शेवटी सांगणाऱ्याचे कौशल्य सिद्ध होते. त्यात शिकणे होत नाही, मिरवणे होते.

दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. दोघांनाही वाटते की मशवऱ्यात मांडायची वस्तू म्हणजे रुग्णाचे गुपित. एक म्हणतो मांडू नका, दुसरा म्हणतो मांडा. माझे म्हणणे असे आहे की मांडायची वस्तूच वेगळी आहे. उपचार करणाऱ्याने उघडे करायचे ते स्वतःचे वागणे. रुग्णाचे मन नव्हे.

मायकेल बालिंट हे हंगेरीत जन्मलेले मनोविश्लेषक लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करीत. १९५०च्या दशकात त्यांनी सामान्य डॉक्टरांचे छोटे गट जमवले. डॉक्टर नियमाने एकत्र बसत आणि एखाद्या रुग्णाविषयी बोलत. पण चर्चेचा रोख रुग्णाच्या आजारापेक्षा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात काय घडते आहे यावर असे. या रुग्णाचा मला राग का येतो? त्याला मी घाईने का उठवतो? तिच्यासमोर मला वडीलकीचा आव का आणावासा वाटतो? १९५७ मध्ये बालिंट यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्यांच्या नावाचे गट पुढे अनेक देशांत सुरू झाले.

आता मोखाड्यातल्या त्या समुपदेशकाकडे परत जाऊ. तिने बैठकीत एवढेच म्हटले असते तर? 'परवा एका व्यक्तीने मला जीव देण्याच्या विचाराबद्दल सांगितले. मी घाबरले. मी लगेच तिला मुलांची शपथ घातली. नंतर ती काही बोलली नाही. मी काय करायला हवे होते?' यात नवरा नाही, भट्टी नाही, सासू नाही, गेलेले मूल नाही. तरी शिकण्यासारखे सगळे आहे. दुसरी समुपदेशक विचारेल, 'तू घाबरलीस ते तिच्यासाठी की तुझ्यावर ठपका येईल म्हणून?' तिसरी सांगेल, 'शपथ घातली की समोरचा माणूस आपल्याला बरे वाटावे म्हणून हो म्हणतो आणि मनातले मनात ठेवतो. मी सरळ विचारते, आज विचार आला होता का? कसे करायचे ठरवले होते? रात्री घरी सोबतीला कोण असते?' आपल्या भागात असे स्पष्ट विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो अशी समजूत आहे. जगभरच्या अनुभवाने ती खोटी ठरली आहे. विचारल्याने माणसाला मोकळे वाटते. हे ज्ञान त्या खोलीत एकीकडून दुसरीकडे गेले, आणि त्यासाठी कुणाच्याही घराचे दार उघडावे लागले नाही.

मशवऱ्यात काय बोलावे याची एक सोपी कसोटी मला सुचते. तो रुग्ण दाराआड उभा राहून आपले बोलणे ऐकतो आहे, असे समजावे. त्याला वाटेल काय की हे लोक माझ्याविषयी बोलत आहेत? की त्याला वाटेल, हा माणूस माझ्यासाठी स्वतःला तपासतो आहे? पहिले वाटणार असेल तर ते वाक्य गिळून टाकावे. कधी कधी रुग्णाची हकिकत सांगितल्यावाचून गत्यंतर नसते. त्याच्या जिवाचाच प्रश्न असतो. तेव्हा जेवढे उपचाराला लागते तेवढेच, आणि ज्याच्या हातून उपचार होणार त्यालाच सांगावे. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर परवानगी हवी, हे उघडच आहे. पण परवानगीतही गोम आहे. ज्या माणसाने जन्मात कधी साहेबाला 'नाही' म्हटलेले नाही, त्याचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. 'नाही म्हणालात तरी तुमचे ऐकायला मी इथेच आहे, औषधही मिळेल' हे त्याच्या भाषेत, त्याला पटेल असे सांगितल्यावरच त्याच्या 'हो'ला किंमत.

आता आणखी एक अवघड प्रश्न. मशवरा कुणाशी? आपल्या बरोबरीच्यांशी, हे ठीक. पण पाड्यावर ऐकण्याचे काम भगत करतो, दर्ग्यात मुजावर करतो. त्यांना या वर्तुळात जागा आहे काय?

या बाबतीत दोन घटना शेजारी ठेवाव्या लागतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आसऱ्यात आग लागली. साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जणांचा जीव गेला. दुआच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवण्याचा शेवट काय होतो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. आपल्या समाजाने ती घटना विसरता कामा नये. दुसरी घटना गुजरातची. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. मनाच्या दुखण्यासाठी तिथे दूरदूरहून सर्व धर्मांची माणसे येतात. २००८ पासून तिथे सरकारच्या मदतीने 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या परिसरातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. मुजावर दुआ करतो आणि सांगतो, आता तिकडे डॉक्टरलाही भेट.

यात मुजावर शिकला, हे सर्वांना दिसते. पण अशा ठिकाणी डॉक्टरलाही शिकण्यासारखे बरेच असते. लोक दर्ग्यात का येतात? कारण तिथे घाई नसते. रुग्णासोबत सगळे घर येते. 'वेडा' हा शिक्का बसत नाही. दुखणे आपल्या शब्दांत सांगता येते. रुग्णालयाच्या रांगेत यातले काय मिळते? भगताकडे जाणाऱ्या बाईला तिथे काय मिळते, हे विचारल्याशिवाय तिला तिथून कसे आणणार?

यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भगत-मुजावराला सोबत घेतले की अंधश्रद्धेला प्रतिष्ठा मिळते, असे विवेकवादी मंडळी म्हणतात. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला, त्या राज्यात हे म्हणणे हलके समजता येत नाही. त्याच वर्षी आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्यासाठी मारणे, बांधणे, चटके देणे हा आता गुन्हा आहे. २०१७च्या अधिनियमानेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. माझे उत्तर असे की मशवरा माणसाशी असतो, त्याच्या प्रत्येक कृतीशी नव्हे. साखळी, मार आणि उपासमार या चर्चेच्या गोष्टी नाहीत. तिथे फक्त 'नाही' आहे. पण जो भगत मारत नाही, जो तास-दोन तास बाईचे ऐकतो, त्याला 'झटके आले तर माझी वाट पाहू नका, जव्हारच्या रुग्णालयात न्या' एवढे म्हणायला शिकवता आले, तर एक जीव वाचतो. आणि त्याच्याशी न बोलता हे शिकवता येत नाही.

मशवऱ्यातली शेवटची अडचण अहंकाराची आहे. शहरातून आलेला तज्ज्ञ आणि पाड्यावरची आशा एका सतरंजीवर बसले, तरी एक बोलतो आणि दुसरी लिहून घेते. त्याला संवाद म्हणत नाहीत. ती शाळा झाली. म्हणून अशा बैठकीचा एक नियम असावा: ज्याचा दर्जा मोठा, त्याने स्वतःची चूक आधी मांडावी आणि दुसऱ्याच्या चुकीवर शेवटी बोलावे. मोठ्याने आधी स्वतःचे उघडे केले की धाकट्याची भीती जाते. नाहीतर धाकटे फक्त आपली यशे सांगत राहतात, आणि यशातून कुणी फारसे शिकत नाही.

असा मशवरा जव्हार-मोखाड्यात सुरू करायला इमारत लागत नाही. महिन्यातून एक दुपार, सरकारी रुग्णालयातली एक खोली, पाच-सहा माणसे: समुपदेशक, दोन आशा, आश्रमशाळेची एखादी शिक्षिका, तयार असेल तर एखादा मौलाना, एखादा भगत. फोनवर ठाण्याचा किंवा नाशिकचा एखादा डॉक्टर. वही नको, नावे नकोत, गावे नकोत. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची: या महिन्यात कुणाचे ऐकताना मी कुठे अडलो. भट्टीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक बैठक जास्तीची, कारण माणसे जाणार असतात आणि त्यांच्या औषधांचे काय, हे आधी ठरायला हवे.

आपण मुसलमान वाचकांनी हे दूरचे समजू नये. आपल्या घराघरांत, मशिदीच्या ओट्यावर, शाळेत, दुकानात कुणी ना कुणी कुणाचे तरी ऐकत असतो. कुणाची बहीण रडत सासरहून येते, कुणाचा मित्र मध्यरात्री फोन करतो. आपण चटकन सल्ला देतो, दुआ देतो, समजूत काढतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. ते खरोखर कामी आले का, हे कधी कुणाला विचारत नाही. विचारायला लाज वाटते. ती लाज अमानतीच्या आड लपते म्हणून ती सभ्यतेसारखी दिसते. पण तिची किंमत ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याला मोजावी लागते. रुग्णाचे गुपित झाकून ठेवणे हे आपले कर्तव्य आहेच. स्वतःचे अपुरेपण झाकून ठेवण्याचा हक्क मात्र ऐकणाऱ्याला नाही.